भट्टीवाचून विळा: आऱ्याच्या जुन्या चकतीतून

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात विळा नसलेलं शेतकऱ्याचं घर सापडणं कठीण. केळीची वाळकी पानं उतरवायची असोत, केळफूल काढायचं असो की कुंपणाच्या फांद्या तोडायच्या असोत, हात आधी विळ्याकडे जातो. हा विळा आजवर लोहाराच्या भट्टीतून आला. लोखंड लाल करायचं, ऐरणीवर ठोकून वाकवायचं, मग पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करायचं. ही विद्या हातात बसायला वर्षं लागतात, आणि भाता-ऐरण मांडायला जागाही लागते. पण ज्याच्या घरी हँड ग्राइंडर, एक अर्धगोल कानस आणि दोन मोकळे रविवार आहेत, त्याला एकही घण न मारता, नुसतं घासून चांगला विळा करता येतो.

ठोकून केलेल्या पात्यात लोखंड सरकतं, घासून केलेल्या पात्यात नको असलेलं लोखंड निघून जातं. फरक एवढाच. ठोकलेलंच पातं टिकतं, घासलेलं कच्चं, हा समज मी पुष्कळ ऐकला आहे आणि तो खरा नाही. रोलिंग मिलमधून लाटून आलेलं आजचं पोलाद आतून एकसारखं असतं. धार किती टिकेल हे त्यात कार्बन किती आहे आणि त्याला पाणी कसं दिलं आहे, यावर ठरतं. म्हणून आपण असं पोलाद घ्यायचं की ज्याला कारखान्यातच पाणी दिलेलं आहे. ते पाणी आपल्या हातून उतरू द्यायचं नाही, म्हणजे विळा तापू द्यायचा नाही. बाकी सगळं काम या एका गोष्टीपुढे सोपं आहे.

पोलाद कोणतं घ्यायचं

नवखा माणूस पहिल्यांदा ट्रकच्या कमानपाट्याकडे वळतो. पाट्याचं पोलाद उत्तम असतं, पण ते बहुतेक वेळा 6 मिलिमीटर किंवा त्याहून जाड असतं आणि विळ्याला 2 मिलिमीटर पुरे होतात. उरलेलं सगळं घासून काढायचं म्हणजे डिस्कांचा ढीग, विजेचं बिल आणि प्रत्येक मिनिटाला तापलेलं लोखंड. पाटा लोहारासाठी ठेवा, तो त्याचं सोनं करील.

आपल्या कामाची वस्तू म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या किंवा सुताराकडच्या गोल आऱ्याची झिजलेली चकती. 12 इंची, सुमारे 2 मिलिमीटर जाडीची, दात चकतीतूनच कापलेले असतील अशी बघा. दातांच्या टोकांवर वेगळ्या धातूचे बारीक तुकडे डाग देऊन बसवलेले दिसले, तर ती चकती नवख्याने घेऊ नये. ते तुकडे कार्बाइडचे असतात आणि त्यांची धूळ फुप्फुसांना फार वाईट. साध्या दातांची चकती भंगारात सहज मिळते आणि तिचा एक मोठा फायदा आहे: ती मुळातच गोल आहे. विळ्याच्या पाठीचा बाक तयारच मिळतो, आपल्याला फक्त आतला बाक काढायचा असतो.

भंगारातून उचललेल्या पत्र्याची तीन प्रकारे परीक्षा करा. कडेवर कानस चालवून पाहा. साध्या लोखंडात ती लोण्यासारखी शिरते, आऱ्याच्या पोलादात जोर लावल्यावर थोडं थोडं कापते. ती नुसती काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर ते पोलाद फार कडक, विळ्याला ठिसूळ पडेल. मग ग्राइंडरला क्षणभर टेकवून ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब रेघांसारख्या जातात, कार्बन जास्त असेल तर त्या टोकाला फुटतात, फुलबाजीची फुलं दिसतात. शेवटी चकतीची कड थोडी वाकवून सोडा, ती परत सरळ झाली पाहिजे.

आणि तडा बघायला विसरू नका. आऱ्याच्या दातांच्या बेचक्यात केसाएवढे तडे असतात आणि ते डोळ्याला दिसत नाहीत. चकतीला डिझेल चोळा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तिथे आत मुरलेलं डिझेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. तो भाग आखणीतून वगळायचा. हे पाच मिनिटांचं काम चुकवलं तर दोन दिवसांची मेहनत बागेत पहिल्याच घावाला दोन तुकडे होऊन पडते.

आखणी

12 इंची चकती म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत 15 सेंटिमीटर. आतल्या बाकासाठी घरातलं 22 सेंटिमीटर व्यासाचं लहान ताट घ्या, म्हणजे 11 सेंटिमीटरची त्रिज्या. ताट चकतीच्या मधोमध ठेवू नका, ज्या बाजूला विळ्याचं टोक येणार आहे तिकडे अडीच सेंटिमीटर सरकवा. आता टोकाकडे पात्याची रुंदी दीड सेंटिमीटर राहते, आणि पाव गोल मागे आलं की ती सव्वाचार सेंटिमीटर होते. लोहाराच्या विळ्याचा निमुळतेपणा असा आपोआप येतो. पात्याची लांबी पाठीवरून मोजली तर साडेतेवीस सेंटिमीटर भरते. त्याच्या मागे मुठीसाठी अकरा-बारा सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी सरळ बाहेर काढा. एका चकतीत दोन विळे आरामात बसतात.

आखणी आधी पुठ्ठ्यावर करा, कापा, हातात धरा आणि अंगणात उभं राहून पान ओढल्यासारखं करून बघा. मनगट अवघडतंय असं वाटलं तर मुठीची दिशा बदला. पुठ्ठ्यावर बदलायला काही लागत नाही. मनासारखं झालं की चकतीवर ठेवून पक्क्या मार्करने रेघ मारा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लोहाराच्या विळ्याची मूठ पात्याच्या पातळीतून थोडी वर उचललेली असते, त्यामुळे जमिनीलगत गवत किंवा दादर (रब्बीची ज्वारी) कापताना बोटं मातीला घासत नाहीत. सपाट चकतीतून केलेल्या विळ्याला ती उचल देता येत नाही, आणि थंड पोलाद वाकवायला जाल तर ते परत उडेल किंवा मोडेल. म्हणून जमिनीलगतच्या कापणीसाठी लोहाराचाच विळा वापरा. आपला विळा उभ्या कामासाठी आहे: केळीची पानं, फांद्या, वेल, कणसं.

ग्राइंडर सुरू करण्याआधी

कापूस घरात आहे का? खानदेशात हा प्रश्न पहिला. दिवाळीनंतर भाव वाढायची वाट बघत ओसरीत, पडवीत, कधी झोपायच्या खोलीतसुद्धा कापूस भरलेला असतो. ग्राइंडरच्या ठिणग्या कित्येक फूट लांब जातात आणि कापसात पडलेली ठिणगी लगेच दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते. कापूस, कडबा, फवारणीचे डबे, पेट्रोल यांच्यापासून दूर, उघड्या अंगणात, ठिणग्या मातीच्या भिंतीकडे जातील असं बसा. जवळ पाण्याची बादली ठेवा. ती विळ्यालाही लागणारच आहे. काम संपल्यावर अर्ध्या तासाने परत एक फेरी मारून या.

डोळ्यांना बाजूनेही झाकणारा चष्मा, नाकावर मास्क, कानात बोळे, अंगात सुती कपडे. गळ्यातला गमछा काढून ठेवा, ओढणी असेल तर तीही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे मारतो, कापड अडकलं तर विचार करायला वेळ मिळत नाही. गार्ड, म्हणजे डिस्कवरचं झाकण, काढून काम करणारे पुष्कळ दिसतील, त्यांचं बघून तुम्ही काढू नका. डिस्कवर छापलेला वेग तुमच्या ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त हवा. कटिंग डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदत छापलेली असते, तीही वाचा.

कापणी

चकती मजबूत लाकडी पाटावर दोन शिकंज्यांनी आवळा. एक मिलिमीटर जाडीची कटिंग डिस्क लावा. ही डिस्क सरळ कापण्यासाठी असते. तिला बाकावरून वळवायला गेलात तर ती अडकते, ग्राइंडर उसळतो किंवा डिस्कच फुटते. बाक कापायचा तर जो भाग काढून टाकायचा आहे त्या बाजूने रेघेकडे येणारे छोटे छोटे सरळ चिरे पाडा, एक-दीड सेंटिमीटरवर एक, आणि प्रत्येक चिरा रेघेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबवा. मग दोन चिऱ्यांमधला तुकडा तळाशी तिरका कापून काढा. कड करवतीसारखी ओबडधोबड दिसेल, तिला तसंच राहू द्या.

ते दोन मिलिमीटर कशासाठी सोडले? कापताना डिस्कच्या लगतचं पोलाद तापून निळं पडतं, कधी लालही होतं. तेवढ्या पट्टीचं पाणी गेलं. ती पट्टी पुढे सावकाश घासून टाकायची आहे, म्हणजे खाली अस्पर्श पोलाद उरतं. रेघेला चिकटून कापणारा माणूस वेळ वाचवतो आणि धार गमावतो.

पाठीकडचे जुने दात आता घासून काढा. पाठीला धार नसते, त्यामुळे तिथे हात सैल सोडायला हरकत नाही. ग्राइंडर कसा धरायचा, किती दाबायचा, याचा सराव पाठीवरच करून घ्या.

आतला बाक आणि धार

खरं काम इथे आहे.

बाहेरचा बाक कशानेही घासता येतो. आतल्या बाकाचं तसं नाही. ज्या हत्याराने घासायचं त्याचा स्वतःचा बाक विळ्याच्या बाकापेक्षा लहान हवा. मोठं हत्यार आत घातलं तर ते दोन्ही टोकांना टेकतं आणि मधला भाग कोराच राहतो. आपला आतला बाक 11 सेंटिमीटर त्रिज्येचा आहे आणि चार इंची फ्लॅप डिस्कची (पॉलिश पेपरच्या पाकळ्या लावलेल्या घासायच्या डिस्कची) त्रिज्या पाच, म्हणून ती आत मोकळी फिरते. सपाट पट्टीची कानस इथे कामाची नाही, अर्धगोल कानस घ्या.

60 नंबरच्या फ्लॅप डिस्कने आधी ती सोडलेली दोन मिलिमीटरची पट्टी काढून रेघेवर या. ग्राइंडर एका जागी धरू नका. मुठीकडून टोकाकडे एका दमात ओढत न्या, उचला, परत मुठीकडून सुरू करा. दोन-तीन ओढी झाल्या की पातं बादलीत बुडवा. पात्याचा ताप बघायला धारेपासून लांब, पाठीला उघडा अंगठा लावून बघा. अंगठा टेकवून ठेवता येत नसेल तर लगेच पाण्यात. पाण्यात घातल्यावर चुर्र आवाज आला तर तुम्ही उशीर केलात, पुढच्या वेळी एक ओढ कमी करा.

घासून चकचकीत झालेलं पोलाद आपला ताप रंगाने सांगतं. सुमारे 220 अंश सेल्सिअसला ते गवती पिवळं होतं, 260च्या आसपास तपकिरी, 280ला जांभळं, 300ला निळं. निळ्याच्या पुढे राखाडी. आऱ्याच्या पोलादाला कारखान्यात बऱ्याच वरच्या तापमानावर नरमाई दिलेली असते, म्हणजे पाणी दिल्यावर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो, त्यामुळे फिकट पिवळा रंग दिसला म्हणून लगेच सगळं बिघडत नाही. पण धार जसजशी पातळ होते तसतसं तिच्यात उष्णता साठवायला लोखंडच उरत नाही, आणि पिवळ्यापासून राखाडीपर्यंतचा प्रवास दोन-तीन सेकंदांत होतो. म्हणून नवख्याने एकच नियम पाळावा: रंग दिसता कामा नये.

माझा पहिला विळा याच जागी गेला. टोकाकडे पातं अरुंद, तिथे बाक नीट येईना म्हणून मी डिस्क जरा जास्त वेळ टेकवली. टोकाची तीन बोटं जागा निळी झाली आणि बघता बघता राखाडी. दिसायला सुंदर रंग होता, मी तो पॉलिश पेपरने पुसून टाकला आणि विळा बागेत नेला. पहिली आठ-दहा पानं सरसर उतरली. मग विळा ओढू लागला, कापेना. उन्हात धरून पाहिलं तर मधली धार जशीच्या तशी, आणि टोकाकडची तीन बोटं एका बाजूला दुमडलेली, पत्रावळीच्या कडेसारखी. रंग पुसला म्हणून गेलेलं पाणी परत येत नाही. तो विळा वाचला, पण त्यासाठी टोकाकडची सगळी नरम पट्टी घासून काढावी लागली आणि पातं दीड बोट आखूड झालं. तुमच्याकडून असं झालं तर हाच उपाय आहे: नरम झालेला भाग पूर्ण काढून मागच्या चांगल्या पोलादापर्यंत या.

आता उतार, म्हणजे धारेकडे जाणारी तिरपी पट्टी. नवख्याने ती एकाच बाजूला काढावी, दुसरी बाजू सपाट ठेवावी. दोन्ही बाजूंना सारखा उतार काढायला हात फार बसलेला लागतो. पात्याची आतली कड मार्करने पूर्ण काळी करा. कडेपासून सहा मिलिमीटर आत, बाकाला समांतर रेघ मारा. दोन मिलिमीटर जाडी सहा मिलिमीटरमध्ये उतरवली की सुमारे अठरा अंशांचा कोन होतो. पान-फांदीसाठी तो योग्य आहे. फ्लॅप डिस्क त्या तिरक्यात हलकी धरून काळा रंग खात जा. रंग कुठे उरलाय ते बघितलं की आपण कुठे कमी घासतोय ते कळतं. धारेला अर्धा मिलिमीटर जाडी शिल्लक असतानाच ग्राइंडर बंद करून ठेवून द्या. यापुढे त्याला हात लावायचा नाही.

उरलेलं काम हाताने. जळगाव जिल्ह्यात कोणत्याही शेतात पीव्हीसी पाइपाचे तुकडे पडलेले असतात. 90 मिलिमीटरचा फूटभर तुकडा घ्या, त्यावर 120 नंबरचा पॉलिश पेपर घट्ट गुंडाळा आणि चिकटपट्टीने बांधा. या पाइपाची त्रिज्या साडेचार सेंटिमीटर, म्हणजे आतल्या बाकात तो सुरेख बसतो. विळा शिकंज्यात उतार वर करून आवळा आणि पाइप उताराला टेकवून, पुढे ढकलताना थोडा आडवाही सरकवत चालवा. आधी 120, मग 220, मग 400. सावकाश चालतं, तासभर सहज जातो, पण हाताने धार जळत नाही. डिस्कचे ओरखडे दिसेनासे झाले आणि सपाट बाजूने बोट धारेकडून बाहेर नेताना बारीक खरखर लागू लागली की समजा, धार टोकापर्यंत पोचली. बोट नेहमी धारेपासून बाहेरच न्यायचं, धारेवरून लांबीच्या दिशेने कधीच नाही.

ती खरखर म्हणजे पलीकडे वळलेलं अगदी पातळ पोलाद. काचेच्या तुकड्यावर 400चा पेपर ठेवा, त्यावर पात्याची सपाट बाजू पूर्ण टेकवा आणि तीन-चार वेळा हलकेच फिरवा. ती निघून जाते. परत पाइपावर दोन हलके हात, परत काच. झालं.

मूठ

मूठ बाभळीची करा. बाभूळ जड, चिवट आणि बांधावरच मिळते, फक्त लाकूड वाळलेलं हवं. मागच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना फळीचे तुकडे बसवायचे. पट्टीला चार मिलिमीटरची दोन भोकं पाडा: सेंटर पंचने खूण, ड्रिल सावकाश, थेंबभर तेल, जोर भरपूर. ड्रिल जोरात फिरवलं तर भोक पडत नाही आणि बिटही जळतं. धारेवर जाड कापडाची पट्टी बांधल्याशिवाय या कामाला हात लावू नका. दोन नळ्यांचं इपॉक्सी लावून पितळी रिव्हेट मारा, रात्रभर आवळून ठेवा, मग लाकूड हाताच्या मापाने गोल करा. शेवटच्या टोकाला थोडा फुगीर भाग ठेवा. ओल्या हाताने ओढताना मूठ निसटत नाही. वरून जवसाचं तेल दोनदा चोळा.

भट्टी नसताना पाणी द्यायचं का

काही जण विचारतात की चकती आधी मऊ करून, आरामात घासून, मग घरी पाणी द्यायला काय हरकत आहे. करता येतं. पोलाद सुमारे 800 अंशांपर्यंत तापवावं लागतं, 770च्या आसपास त्याला चुंबक चिकटेनासं होतं तीच खूण. मग कोमट तेलात बुडवायचं आणि पुन्हा तापवून नरमाई द्यायची. पण पातळ, वाकडं पातं तेलात पिळलं जातं आणि तेल भडकतं. पाच-सहा विळे घासून झाल्यावर, जाणत्या लोहाराजवळ बसून ते शिका.

बागेतली पहिली सकाळ

विळ्याची परीक्षा केळीच्या वाळक्या पानाच्या देठावर घ्या. देठ डाव्या हाताने ताणून धरा, डावा हात विळ्याच्या वाटेच्या वर ठेवा आणि विळा मुठीकडच्या भागापासून लावून अंगावर न आणता अंगाच्या बाजूने तिरका बाहेर ओढा. बाकदार पात्याची गंमत अशी की देठ बाकात आपोआप अडकून बसतं, घाव मारावा लागत नाही. घाव मारायची सवय असेल तर ती सोडा, या धारेला ओढ मानवते.

तासाभराने थांबून धार उन्हात आडवी धरा. धारदार कड दिसतच नाही, कुठे पांढरी चमक दिसली तर तिथे ती बोथट झाली किंवा दुमडली. एकाच ठिकाणी चमक असेल तर आत एखादं कठीण देठ किंवा तार लागली असेल, पाइपावर चार हात मारले की जाते. सगळीकडे चमक असेल तर उतार फार पातळ झाला आहे. अगदी कडेला, थोड्या जास्त उभ्या कोनात दोन-तीन हात मारून धार जरा जाड करा. शेतात पाजवायला खिशात बोटभर जाडीची गोल काठी ठेवा, तिच्यावर 400चा पेपर चिकटवलेला.

केळीचा चीक पोलादाला काळं करतो आणि तसाच राहिला तर रात्रीत गंज धरतो. घरी आल्यावर विळा धुवा, चुलीजवळ किंवा उन्हात कोरडा करा, शेंगदाण्याच्या तेलाचं बोट फिरवा. पात्यावर जुन्या ठिबकच्या नळीचा तुकडा उभा चिरून चढवा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंच खुंटीला टांगा. गावात, एसटीत नेताना नळी चढवून, वर गोणपाटात गुंडाळूनच न्या. चकतीचा दुसरा अर्धा भाग तेल लावून ठेवलेला असेलच. त्यावर ताट ठेवताना या वेळी पहिल्या विळ्याने मनगटाला काय सांगितलं ते आठवा आणि मुठीची रेघ तेवढी वळवून घ्या.